जिप्सीच्या मागच्या एक्सलचं सील: बदलण्याआधी ते का गेलं ते बघा

चंदगडहून प्रश्न आलाय. 1997 ची मारुती जिप्सी, मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल गळतं, रिमवर आणि टायरच्या आतल्या भिंतीवर काळे ओघळ येतात. गेल्या दिवाळीत जवळच्या गॅरेजमध्ये सील (शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणारं रबरी कडं) बदललं, पण पावसाळा संपायच्या आत पुन्हा तेच. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. मेकॅनिकचं म्हणणं, दुसऱ्या कंपनीचं सील टाकू आणि 90 नंबरऐवजी 140 नंबरचं जाड ऑइल भरू. हे करावं का?

नका करू. सील पंधरा-वीस वर्षांनी गेलं तर वयाने गेलं म्हणू. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गेलं तर त्याला कुणीतरी मारलंय. तो कोण ते सापडल्याशिवाय तिसरं सील टाकलं, तर पुढच्या पावसाळ्यात चौथं आणावं लागेल. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला दरवेळी ब्रेकचा ड्रम, त्याला आतून घासणारे शू, ब्रेक पाइप आणि अख्खा शाफ्ट काढावा लागतो. म्हणजे खरा खर्च मजुरीचा आणि वेळेचा.

त्याआधी ब्रेकचं बोलू, कारण ते जास्त गंभीर आहे. गाडी उजवीकडे ओढते याचा अर्थ डाव्या ड्रममध्ये ऑइल शिरलंय आणि तिकडचे शू धरत नाहीत. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग थोडं आवळून धरलं की भागतं. पण घाट उतरताना ओल्या वळणावर जोरात ब्रेक लागला तर गाडी आडवी होऊ शकते. काम होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका.

आता गळतंय ते नक्की काय, याची खात्री करा. बघितल्याबरोबर सगळे 'सील गेलं' म्हणतात, पण त्याच जागी शू दाबणारा ब्रेकचा व्हील सिलिंडरही असतो आणि तोही गळतो. ओघळाचं बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, हाताला लागलं की दिवसभर जात नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं, रंग सोलून काढतं आणि पाण्यात मिसळतं. वाटीभर पाण्यात दोन थेंब टाका: तरंगलं तर गिअर ऑइल, विरघळलं तर ब्रेक ऑइल. ड्रम काढल्यावर सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट उचलून आत ओल आहे का तेही बघा. जुन्या गाडीत दोन्ही एकदम गळताना सापडतात, आणि मेकॅनिक एकच दुरुस्त करून चाक लावून टाकतो. तुमच्याकडे गेल्या वेळी असंच झालं असण्याची शक्यता मी सोडत नाही.

समजा गिअर ऑइलच आहे. मग या एक्सलची बांधणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं समजेल. जिप्सीच्या मागच्या हाउसिंगमध्ये मधे क्राउन-पिनियन (इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारे दोन गिअर) आणि दोन्ही बाजूंना नळ्या. प्रत्येक नळीत एक शाफ्ट. शाफ्टच्या आतल्या टोकाला दाते, बाहेरच्या टोकाला फ्लँज, आणि फ्लँजवर ड्रम आणि चाक. फ्लँजच्या मागे ब्रेकची बॅक प्लेट, तिच्या मागे बेअरिंग, आणि बेअरिंगच्या मागे शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली लोखंडी रिंग. सील त्याच्याही आत, हाउसिंगच्या तोंडात ठोकलेलं असतं. चाक बाहेर निसटू नये म्हणून जे काही आहे ते ती रिंग आणि बॅक प्लेटचे चार नट, बस्स. हे लक्षात ठेवा, रिंगकडे परत यायचंय.

सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली रबरी कड, या बांधणीत त्या रिंगच्या बाहेरच्या अंगावर घासतो. काही दुसऱ्या गाड्यांत तो थेट शाफ्टवर चालतो. शंका असेल तर जुन्या सीलवर छापलेले तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. आतला आकडा रिंगच्या व्यासाशी जुळतो की शाफ्टच्या, हे व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजलं की प्रश्न मिटला. तोच पृष्ठभाग तपासायचा असतो, आणि नेमका तोच कुणी तपासत नाही.

माझा पहिला संशय मात्र ब्रीदरवर आहे. हाउसिंगच्या वर हवा आत-बाहेर व्हायला एक छोटं तोंड असतं. लिलावातल्या गाडीत ते चिखलाने, जुन्या ग्रीसने किंवा कुणी उत्साहाने मारलेल्या रंगाने बुजलेलं असतं. हाउसिंग सकाळी 25 अंशांवर असेल आणि घाट चढून 85 अंशांवर गेलं, तर बंदिस्त हवेचा दाब साधारण एक-पंचमांशाने वाढतो, म्हणजे सुमारे 0.2 बार. ऐकायला थोडा वाटतो, पण साधं ऑइल सील दाब अडवण्यासाठी केलेलंच नसतं. ओठ रिंगवर जास्त आवळला जातो, तापतो, झिजतो, आणि ऑइल बाहेर ढकललं जातं. आता उलटं बघा. तीच तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली, हाउसिंग एकदम थंड झालं, आतली हवा आकसली. ब्रीदर बंद असेल तर ती हवा आणायची कुठून? सीलच्या ओठाखालून. आणि हवेबरोबर पाणी येतं, गाळ येतो. चंदगड-आजरा बाजूचा पाऊस आणि तिथले फरशी पूल मला माहीत आहेत. तुमचं सील पावसाळ्यात गेलं हा योगायोग वाटत नाही.

तपासायला सोपं आहे. ब्रीदर काढा, पेट्रोलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून बघा. हवा आरपार गेली पाहिजे. मग ड्रेन प्लग सोडून ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. दुधट, कॉफीसारखं आलं तर पाणी शिरलंय. चमचमती पूड असेल तर क्राउन किंवा बेअरिंग झिजतंय, आणि ती पूड सीलच्या ओठाखाली पॉलिश पेपरचं काम करते. असं ऑइल परत भरू नका. ब्रीदरला रबरी नळी लावून ती चासीवर उंच नेऊन बांधली तर पाण्याचा प्रश्न कायमचा सुटतो. पावसाळी भागात फिरणाऱ्या प्रत्येक जिप्सीला मी हे सांगतो.

ऑइलची पातळीही बघा. फिलर प्लग काढल्यावर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे, आणि त्या वेळी गाडी सपाट जागेवर हवी. जिप्सीच्या मागच्या हाउसिंगमध्ये सुमारे दीड लिटर मावतं. पण आमच्याकडे 'राहू दे जरा जास्त' ही सवय आहे. गाडी एका बाजूला कलती करून पंपाने दोन लिटर कोंबलेलंही मी बघितलंय. जास्तीचं ऑइल नळीतून थेट सीलवर येऊन उभं राहतं. गाडी रोज उतारावर, डावं चाक खाली ठेवून उभी करत असाल तरीही तेच होतं.

आता खोलायचं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, आणि गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चाक काढायच्या आधी, हवेत असतानाच ते वर-खाली धरून हलवा आणि हाताने फिरवा. खडखड लागली किंवा वर-खाली ढील जाणवली तर बेअरिंग गेलंय. ढिल्या बेअरिंगवर शाफ्ट मध्यावर फिरत नाही, डुलतो. ओठ एका मर्यादेपर्यंत तो डोल झेलतो, मग एका बाजूने फट पडते. नवं सील टाकलं की महिना-दोन महिने ते तरुण रबराच्या जोरावर टिकतं. त्यामुळे 'बदललं तेव्हा बंद झालं होतं' हे ऐकून फसू नका.

ड्रम गंजून धरला असेल तर घणाने ठोकू नका. ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आलटून-पालटून आवळत गेलात की ड्रम आपोआप पुढे येतो. आत साचलेली धूळ कंप्रेसरने उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पुसा. मग शू काढा, हँडब्रेकची केबल सोडा, व्हील सिलिंडरचा पाइप उघडून त्याचं तोंड बंद करा, आणि बॅक प्लेटचे चार नट काढा. शाफ्ट बॅक प्लेटसकट बाहेर येतो. त्यासाठी फ्लँजला अडकवायचा झटक्याचा पुलर लागतो. तो नसेल तर काही जण ड्रम उलटा लावून त्यालाच हिसका देतात. जमतं, पण दोन्ही हातांनी सारखा, सरळ हिसका हवा. तिरका ओढला तर दात्यांनी सगळं ओरबाडत शाफ्ट बाहेर येतो.

सील काढण्याआधी ते हाउसिंगच्या कडेपासून किती आत बसलंय ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग काढा, पण फेकू नका. उजेडात घेऊन बसा. जुनं सील हे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट असतं.

ओठाच्या कडेला चकचकीत पट्टा दिसेल, तिथे तो घासत होता. पट्टा सगळीकडे सारखा आणि बारीक असेल तर सीलचा दोष नाही, रिंग बघा. पट्टा एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अगदी बारीक असेल तर शाफ्ट आणि सीलचा मध्य एक नव्हता: बेअरिंग ढिलं, हाउसिंगची नळी वाकडी किंवा सील तिरकं ठोकलेलं. रबर कडक होऊन नखाने दाबल्यावर तडकत असेल तर उष्णतेने गेलंय, ब्रीदर किंवा घासणारे शू तपासा. ओठ एका ठिकाणी चिरला असेल तर शाफ्ट घालताना दात्यांनी कापला. ओठाच्या मागची बारीक गोल स्प्रिंगच जागेवर नसेल, तर ठोकताना ती उडाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेरचा घेर ऑइलने ओला आणि त्यावर गंजाच्या रेघा असतील तर ऑइल ओठावरून आलेलंच नाही, हाउसिंग आणि सीलच्या मधून आलंय. मागच्या वेळी छन्नीने सील उचकटताना हाउसिंगच्या बोअरवर ओरखडा पाडला की हे हमखास होतं. आणि स्प्रिंगची बाजू बाहेर, चाकाकडे, दिसत असेल तर सील उलटं बसवलं होतं. हसू नका, बघितलेलं आहे.

हा उलट-सुलट प्रकार नुसता 'झाकण उलटं लावलं' इतका साधा नाही. ओठाच्या दोन उतारांचे कोन वेगळे असतात. ऑइलकडचा उतार उभा, हवेकडचा आडवा. शाफ्ट फिरू लागला की ओठाखालचा काही मायक्रॉनचा ऑइलचा पापुद्रा या कोनांमुळे आत ढकलला जातो. म्हणजे चांगलं सील ऑइल अडवतं आणि शिवाय परत पंपही करतं. उलटं बसवलं तर तोच पंप बाहेरच्या दिशेने चालतो.

आता रिंग. नख आडवं फिरवा. ओठ चालायचा तिथे खाच लागली तर नवं सील त्या खाचेत बसणारच. ओठाचा ताण तिथे कमी पडतो आणि गळती सुरू. लिलावातल्या गाड्या वर्षानुवर्षं मैदानात उभ्या असतात. ओठ टेकलेल्या जागी ओल धरते आणि रिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. ते खड्डे कानशीसारखे ओठ खातात. तुमच्याकडे रिंग बदलली होती का, हे त्या मेकॅनिकला विचारा. मला वाटतं उत्तर नाही असंच येईल.

खाच नुसती जाणवण्याइतकी असेल आणि बेअरिंग ठणठणीत असेल, तर एक मधला मार्ग आहे: सील आधीच्या खोलीपेक्षा एक-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ ताज्या पृष्ठभागावर येतो. त्यासाठीच मघाशी खोली मोजायला सांगितली. मात्र ओठ रिंगच्या कडेवरून घसरणार नाही आणि सील बेअरिंगच्या आड येणार नाही, एवढी जागा आधी मोजा. खाच खोल असेल तर हा खेळ नको, रिंग बदला. आणि रिंग काढलीच आहे तर बेअरिंगही नवंच टाका, कारण जुनं तसंही त्या मारामारीत वाचत नाही.

रिंग ओढून निघत नाही. ग्राइंडरने तिच्या एका अंगावर चपटी घासत न्यायची, शाफ्टला लागायच्या जरा आधी थांबायचं, आणि उरलेल्या पातळ भागावर धारदार छन्नीचा एक ठोका. रिंग तडकते आणि ढिली होते. शाफ्टवर ग्राइंडरचा एक चराही उमटता कामा नये. तिथून पुढे शाफ्टला तडा जायला सुरुवात होते. गॅस कटर तर जवळही आणू नका. शाफ्ट उष्णता देऊन कडक केलेला असतो, तापला की ती सगळी मेहनत पाण्यात.

नवं बेअरिंग आणि नवी रिंग प्रेसवरच बसवायची. आधी बॅक प्लेट शाफ्टवर घातली का ते बघा. विसरलात तर रिंग पुन्हा कापावी लागते. बेअरिंगची कुठली बाजू बाहेर होती ती जुन्यावरून खूण करून ठेवा. दाब बेअरिंगच्या आतल्या घेरावर द्यायचा. बाहेरच्या घेरावर दिला तर गोळ्यांचे ठसे आत उमटतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमायला लागतं. रिंगच्या बाहेरच्या अंगाला ओरखडा नको, कारण ओठ तिथेच चालणार आहे. कोल्हापुरात उद्यमनगर आहे म्हणून आमची चैन आहे, प्रेस काय नि लेथ काय, हाकेच्या अंतरावर. तुमच्याकडे प्रेस नसेल तर शाफ्ट काढून एसटीने इकडे आणा, पण पाइप लावून घणाने ठोकत बसू नका.

रिंग प्रेसमध्ये फार सहज, जोर न लागता सरकली तर थांबा. शाफ्टचा व्यास कमी झालाय किंवा रिंग नकली आहे. अशा वेळी काही ठिकाणी रिंगला वेल्डिंगचे दोन-चार ठिपके मारून देतात. हे मी कुणालाही करू देणार नाही. वेल्डिंगच्या आचेने शाफ्ट तिथे ठिसूळ होतो, बेअरिंगचं ग्रीस जळतं, आणि धावत्या गाडीचं चाक ड्रम नि शाफ्टसकट बाहेर निघून बाजूने पुढे जाताना दिसतं. त्यापेक्षा शाफ्टच बदललेला बरा. जिप्सीचे जुने शाफ्ट भंगार बाजारात मिळतात. घेताना लेथवर सेंटरमध्ये धरून डायल लावून वाकडेपणा बघून घ्या.

लेथचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी बऱ्याच चांगल्या टर्नरनाही माहीत नसते. सीलच्या पृष्ठभागाला पॉलिश पेपर मारताना पेपर एका जागी धरायचा, डावी-उजवीकडे सरकवायचा नाही. सरकवला की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा आटा तयार होतो, आणि शाफ्ट फिरला की तो आटा ऑइल बाहेर काढत बसतो. सील नवं, रिंग गुळगुळीत, तरी गळतं, मग सगळे सीलच्या कंपनीला शिव्या देतात. आरशासारखं लख्खही करू नका. ओठाखाली ऑइल धरून ठेवायला किंचित खरखर लागते, खडबडीतपणाच्या मापात 0.2 ते 0.8 मायक्रॉन. ज्या गाड्यांत ओठ थेट शाफ्टवर चालतो, तिथे खाच पडली तर पातळ स्टीलची बाही चढवता येते. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह मिळते, तिची भिंत 0.28 मिलिमीटरची, त्यामुळे सीलचा आकार बदलावा लागत नाही. तुमच्या जिप्सीला रिंगच बदलता येते, त्यामुळे तिची गरज नाही.

सील बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, पण सगळा घोळ याच दहा मिनिटांत होतो. हाउसिंगचं तोंड पेट्रोलने स्वच्छ, कोरडं. ओरखडा असेल तर बारीक पेपरने त्याची वर आलेली कड मोडा, आणि सीलच्या बाहेरच्या घेराला सीलंटचा अगदी पातळ हात द्या. ओठावर येता कामा नये. ओठावर ग्रीस लावा, कोरडा ओठ पहिल्या किलोमीटरमध्येच जळतो. ओठामागच्या स्प्रिंगच्या खोबणीतही थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. स्प्रिंगची बाजू आत, क्राउनकडे. हातोडा थेट सीलवर नको. सीलच्या बाहेरच्या घेरापेक्षा जरासा लहान असा जुन्या बेअरिंगचा घेर किंवा लेथवर काढून घेतलेली चकती ठेवून हळूहळू, चारही बाजूंनी सारखं ठोका. दर दोन ठोक्यांनी खोली चार ठिकाणी मोजा. तिरकं गेलं तर त्याला दुसऱ्या बाजूने ठोकून सरळ करू नका, काढून दुसरं घ्या. म्हणून नेहमी दोन सील आणावीत.

शाफ्ट आत घालताना दोन माणसं लागतात. एकाने शाफ्ट खालून उचलून धरायचा, दुसऱ्याने फ्लँज धरून सरळ ढकलायचं. दाते सीलच्या ओठावर टेकले आणि शाफ्टचं वजन त्यावर आलं की सील तिथेच संपलं. तुम्हाला ते पुढच्या महिन्यात कळणार. आतल्या दात्यांत बसताना शाफ्ट थोडा फिरवा, जोर करू नका. बॅक प्लेट आणि हाउसिंगच्या जोडावर सीलंट लावायला विसरू नका, तिथूनही ऑइल झिरपतं आणि बिचाऱ्या नव्या सीलवर आळ येतो.

ऑइलने भिजलेले शू टाकून द्या. पेट्रोलने धुऊन, आगीवर भाजून परत लावायची पद्धत आहे, मला ती मान्य नाही. लायनर ऑइल पिऊन बसलेला असतो. वरून कोरडा दिसतो, आणि घाटात ड्रम तापला की पुन्हा ऑइल सोडतो. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे शू एकदम बदला, नाहीतर ओढणं राहीलच. ड्रम रॉकेलने धुऊन मग साबणाच्या पाण्याने. पाइप उघडला होता, म्हणून ब्रेकची हवा काढणं आलंच.

ऑइल हायपॉइड क्राउनचं, जीएल-5 दर्जाचं ईपी 90 किंवा 80डब्ल्यू-90. आता त्या 140 नंबरचं. जाड ऑइल फटीतून हळू निघतं, त्यामुळे काही दिवस गळती कमी दिसते. खाच तिथेच, ब्रीदर तसाच, आणि क्राउन-पिनियनच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. 'लीक बंद करणारी' बाटली मिळते तिचंही तसंच: ती रबर फुगवते. फुगलेलं रबर काही महिन्यांनी मऊ पडून आणखी लवकर जातं. गाडी विकायची असेल तर विकणारे हे करतात, तुम्हाला चालवायची आहे.

सील घेताना दुकानदाराने आकडे न बघता 'जिप्सीचं' म्हणून दिलेलं घेऊ नका. जुन्यावरचे तिन्ही आकडे जुळवा, नख लावून ओठ मऊ आहे का आणि स्प्रिंग सगळीकडे सारखी बसली आहे का ते बघा. दुकानात उन्हात टांगून ठेवलेलं असेल तर सोडा.

हेच वाचून दुसऱ्या गाडीवर काम करायला निघाला असाल, तर बांधणी बघून. ओम्नीचं बरंचसं असंच आहे. विलिजच्या घराण्यातल्या जुन्या महिंद्रा जीपमध्ये मात्र शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर चावीने हब बसतो आणि तो काढायला तगडा पुलर लागतो. तिथे टेपर बेअरिंग असतात आणि शाफ्टची आत-बाहेरची ढील बॅक प्लेटमागच्या शिम्सनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ठरते. खोलताना त्या शिम्स कुठल्या बाजूच्या किती, हे हरवलं की सील टिकत नाही. ट्रकच्या पूर्ण तरंगत्या एक्सलमध्ये वजन हबवर असतं. शाफ्ट चाक न काढताही ओढून निघतो, आणि सील हबमध्ये असतं. तिथे सील गेलं की आधी हबचं ग्रीस पातळ होतं, ऑइल बाहेर दिसायला वेळ लागतो. तुमच्याच जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या गोळ्यांमधून (चाक वळतं तिथल्या एक्सलच्या टोकाच्या गोल भागातून) पातळ ऑइल येत असेल, तर तो पुढच्या एक्सलच्या आतल्या सीलचा दोष. बाहेरचं फेल्ट बदलून तो जात नाही.

काम झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ड्रमला हात लावून बघा. डावा उजव्यापेक्षा जास्त तापत असेल तर शू घासतायत किंवा बेअरिंग घट्ट बसलंय. बॅक प्लेटच्या खालच्या कडेला पांढरं फडकं फिरवा. पहिल्या दिवशी थोडं ग्रीस लागेल, ते बसवताना लावलेलं. आठवड्यानंतरही ओलं लागलं तर पहिल्यांदा ब्रीदर काढून फुंका, मग गाडी घोडीवर घ्या. आणि उजवं सील अजून गळत नसलं, तरी त्याचं वय डाव्या बाजूच्या पहिल्या, मूळ सीलइतकंच आहे. ते आणि तिकडची रिंग याच खोलण्यात बघून घेतलीत तर दुसरी मजुरी वाचेल.